एकट्याची धाव आणि घोळक्यातली शर्यत : अविनाश साबळेची कारकीर्द

श्रोतेहो,

अविनाश साबळे हे नाव आता महाराष्ट्राला परके राहिलेले नाही. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा, कष्टकरी आईवडिलांचा मुलगा ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावला, हे आपण अभिमानाने सांगतो. ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम त्याने १० वेळा मोडला, हेही सांगतो. त्याच्या शर्यती बारकाईने पाहत गेल्यावर मला मात्र असे वाटू लागले की या दोन वाक्यांच्या मध्ये जे घडले, त्याविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले गेले आहे. आज मी त्याविषयीच बोलणार आहे. भारतात राहून वेगाने धावायला शिकता येते, परंतु शर्यत करायला शिकणे फार अवघड जाते, कारण त्यासाठी आपल्या बरोबरीचे किंवा आपल्याहून वरचढ असे दहाबारा धावपटू सतत आजूबाजूला असावे लागतात. अविनाशने हे शिक्षण उशिरा सुरू केले, जाहीरपणे, जगाच्या डोळ्यांदेखत घेतले, आणि त्याची किंमतही त्याने वेळोवेळी मोजली, असे माझे म्हणणे आहे.

ते पटवून द्यायचे तर आधी हा क्रीडाप्रकार नीट डोळ्यांसमोर आणला पाहिजे. ३००० मीटरच्या या शर्यतीत २८ साधे अडथळे आणि ७ पाण्याचे अडथळे, असे एकूण ३५ अडथळे पार करावे लागतात. पुरुषांसाठी त्यांची उंची ९१.४ सेंटिमीटर असते. ११० मीटरच्या हर्डल्समधला अडथळा पाय लागला की आडवा होतो आणि धावपटू पुढे निघून जातो. स्टीपलचेसचा अडथळा म्हणजे जाड चौकोनी तुळई असते, तिचे वजन ८० ते १०० किलो असते आणि ती जागची हलत नाही. पाय अडकला तर पडतो तो धावपटू. पाण्याच्या अडथळ्यापलीकडे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो. तुळईलगत तो सर्वांत खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. बहुतेक धावपटू तुळईवर एक पाय टेकवतात, गुडघा वाकवून अंग खाली राखतात, मागे जोराचा रेटा देतात आणि खड्ड्याच्या उथळ कडेला दुसऱ्या पायावर उतरतात. रेटा कमी पडला तर पाऊल खोल पाण्यात जाते, पुढचे पाऊल जड होते आणि मोठ्या मेहनतीने बांधलेला ताल मोडतो. दमलेल्या पायांनी हे सातव्या वेळी करताना काय होत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती दूरचित्रवाणीवर सहसा लक्षात येत नाही. एकटा पुढे धावणाऱ्याला अडथळा लांबूनच दिसतो. उडी कोणत्या पायावर घ्यायची, पावले लांब टाकायची की आखूड, हे तो आठदहा पावले आधीच ठरवू शकतो. पंधरा जणांच्या घोळक्यात असलेल्याला मात्र समोर फक्त पाठी दिसतात. पुढचा माणूस उडी घेतो तेव्हाच त्याला तुळई दिसते, आणि तेवढ्यात डावीकडचा कोपर लावतो, उजवीकडचा आत घुसतो. हे कसब एकट्याने सराव करून कधीच येत नाही. अविनाशच्या आयुष्यातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या दिवसाचे स्पष्टीकरण मला या एका फरकात सापडते.

१३ सप्टेंबर १९९४ हा त्याचा जन्मदिवस. आष्टी हा पर्जन्यछायेतला, ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून जातात अशा भागातला तालुका. त्याचे आईवडील वीटभट्टीवर काम करीत, शाळा काही किलोमीटर लांब होती आणि वाहन नव्हते, त्यामुळे तो पायी, पुष्कळदा पळतच शाळा गाठत असे. या पळण्यावर आपल्याकडे खूप भावुक लेखन झाले आहे. मला त्यात फार अडकायचे नाही, कारण मराठवाड्यात अशी पळत शाळेत जाणारी मुले हजारो होती आणि आजही आहेत. त्यातून धावपटू आपोआप घडत असता तर आपल्याकडे एव्हाना पदकांचा ढीग लागला असता. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, पाचव्या महार बटालियनमध्ये दाखल झाला, आणि पुढची काही वर्षे सियाचीन, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीम येथे त्याची नेमणूक होती. २०१५ साली तो लष्करातील आंतरविभागीय क्रॉसकंट्री शर्यतींत उतरला, तोवर त्याला कोणी धावपटू म्हणून ओळखत नव्हते.

येथे केनियाच्या कॉन्सेस्लस किप्रुटोचे उदाहरण देतो. त्याचा जन्म डिसेंबर १९९४ चा, म्हणजे अविनाशहून तो केवळ तीन महिन्यांनी लहान. २०१३ च्या मॉस्को येथील जागतिक स्पर्धेत त्याने वयाच्या अठराव्या वर्षी स्टीपलचेसचे रौप्यपदक जिंकले; त्याच सुमारास अविनाश सियाचीनला पहारा देत होता. २०१६ साली रिओमध्ये किप्रुटो ऑलिम्पिक विजेता झाला, तेव्हा अविनाशने स्टीपलचेसचा एकही अडथळा स्पर्धेत ओलांडलेला नव्हता. लष्करातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला क्रॉसकंट्रीतून या प्रकारात आणले ते २०१७ साली, म्हणजे त्याची बाविशी उलटून गेल्यावर. जगातील उत्तम स्टीपलचेसपटू ज्या वयात पदके घेऊन मोकळे होतात, त्या वयात हा मुलगा तुळईवर पाय कसा ठेवायचा ते शिकत होता. अमरीश कुमार यांच्या पारखी नजरेचे मोल आपण अजून पुरते जाणलेले नाही, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतरची प्रगती मात्र विस्मयकारक वेगाने झाली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेचा संघ दुखापतीमुळे हुकला, पण त्याच वर्षी भुवनेश्वरला झालेल्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ दिली आणि गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा विक्रम मोडला. सदतीस वर्षे टिकलेला विक्रम! सैनी यांच्याविषयी आपल्याला आदर वाटला पाहिजे. पण ज्या देशात एक विक्रम सदतीस वर्षे टिकतो, त्या देशात तेवढी वर्षे कोणी कोणाला मागून रेटत नव्हते, हेही त्यातून कळते. पुढे २०१९ च्या मार्चमध्ये पतियाळाला ८ मिनिटे २८.९४ सेकंद झाले. देशातील या सर्व शर्यतींचे चित्र एकच होते: बंदूक झाली की अविनाश पुढे, आणि दोनतीन फेऱ्यांत बाकीचे इतके मागे की उरलेली शर्यत त्याची आणि घड्याळाची. यात मनोबल लागते, यात शंका नाही. परंतु त्या पाच-सहा मिनिटांत त्याला कोणाचे कोपर लागत नव्हते, कोणाच्या पाठीआड अडथळा लपत नव्हता.

घोळक्याची पहिली मोठी ओळख त्याला दोहा येथे झाली. २०१९ च्या जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत इतरांच्या पडण्या-धडपडण्यामुळे त्याची वाट दोनदा अडली. तरीही सावरून, मागून येऊन त्याने ८ मिनिटे २५.२३ सेकंद असा नवा राष्ट्रीय विक्रम केला आणि सातवा आला. पात्रतेसाठी ते पुरेसे नव्हते. भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने हरकत नोंदवली, पंचांनी चित्रफीत पाहिली, हरकत मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत जादा धावपटू म्हणून स्थान मिळाले. तीन दिवसांनी झालेल्या त्या अंतिम फेरीत तो तेरावा आला, पण वेळ होती ८ मिनिटे २१.३७ सेकंद, पुन्हा राष्ट्रीय विक्रम, आणि टोकियो ऑलिम्पिकची पात्रताही. एका आठवड्यात त्याने जवळपास साडेसात सेकंद कमी केले. आजूबाजूला वेगवान माणसे असली की हा धावपटू किती पुढे जाऊ शकतो, हे त्या आठवड्याने दाखवले.

मधल्या काळात, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, दिल्ली अर्धमॅरेथॉन त्याने १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. एकसष्ट मिनिटांच्या आत अर्धमॅरेथॉन धावणारा तो पहिला भारतीय ठरला, आणि आधीच्या राष्ट्रीय विक्रमापेक्षा ही वेळ तीन मिनिटांहून अधिक सरस होती. हा त्याचा मूळ प्रकारही नव्हता. त्याच्या फुप्फुसांत आणि पायांत लांब पल्ल्याची किती ताकद आहे, याचा पुरावा मी नेहमी याच शर्यतीतून देतो.

टोकियोच्या वाट्याला मात्र निराशा आली. प्राथमिक फेरीतील दुसऱ्या गटात त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंद अशी तोवरची सर्वोत्तम वेळ दिली, आणि सातवा आला. प्रत्येक गटातील पहिले तीन थेट पात्र ठरणार होते आणि उरलेल्यांतून सर्वांत वेगवान सहा जण घेतले जाणार होते. तिसऱ्या गटाचा विजेता मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली याने ८ मिनिटे १९ सेकंद घेतले, म्हणजे तो अविनाशहून संथ धावला, आणि पुढे सुवर्णपदक जिंकून गेला. आपल्याकडे याला दुर्दैव म्हटले गेले. गटवारीचा भाग नशिबाचा होता, हे खरेच. तथापि अल बक्कालीला त्या दिवशी वेगाने धावण्याची गरजच नव्हती. त्याला पहिल्या तिघांत येण्याची गरज होती आणि तेवढेच त्याने केले. मोठ्या स्पर्धेत घड्याळ पाहणारा धावपटू आणि माणसे पाहणारा धावपटू यांच्यातला भेद इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसतो.

त्याच्या कारकिर्दीतले २०२२ हे वर्ष मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अमेरिकी प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्या मार्गदर्शनाखाली तो कोलोराडो स्प्रिंग्जच्या उंचावरील प्रदेशात सराव करू लागला होता. मे महिन्यात कॅलिफोर्नियात त्याने ५००० मीटर १३ मिनिटे २५.६५ सेकंदांत धावून बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. बहादूर प्रसाद यांनी तो बर्मिंगहॅमला केला होता आणि तीनच महिन्यांनी अविनाशलाही बर्मिंगहॅमनेच सर्वांत मोठा दिवस दाखवला. जूनमध्ये मोरोक्कोतील रबात येथे, डायमंड लीग या अव्वल धावपटूंच्या आंतरराष्ट्रीय शर्यतमालिकेत, ८ मिनिटे १२.४८ सेकंदांसह पाचवा क्रमांक आला. मग जुलैत अमेरिकेतील युजीन येथील जागतिक स्पर्धा. प्राथमिक फेरीत तो तिसरा येऊन थेट पात्र झाला. अंतिम फेरी सुरू झाली ती मात्र अतिशय संथ. सारे जण एकमेकांकडे पाहत धावत राहिले आणि शेवटच्या टप्प्यात एकाएकी वेग फुटला. अल बक्काली ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत जिंकला. अविनाशने त्याहून कितीतरी चांगल्या वेळा यापूर्वी दिलेल्या होत्या. तरीही तो अकरावा आला, ८ मिनिटे ३१.७५ सेकंद घेऊन, म्हणजे भुवनेश्वरच्या आपल्या पहिल्या विक्रमापेक्षाही संथ. ताकद अंगात होती, पण ती केव्हा वापरायची याचा निर्णय त्याने दुसऱ्यांच्या हाती सोपवला आणि ते त्याला महागात पडले.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ६ ऑगस्टला, राष्ट्रकुल स्पर्धेची अंतिम फेरी झाली. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसची तिन्ही पदके केनियाने नेली होती. केनियाबाहेरचा शेवटचा पदकविजेता होता १९९४ चा कॅनडाचा ग्रॅम फेल. म्हणजे अविनाशच्या जन्माच्या वर्षापासून त्या मंचावर दुसऱ्या देशाचा झेंडा चढलेला नव्हता. बर्मिंगहॅमलाही केनियाचे तिघे एकत्र पुढे होते: किप्रुटो, अब्राहम किबिवोट आणि अमोस सेरेम. अविनाश त्यांच्या पाठीशी राहिला. तो मागे पडला नाही आणि उगीच पुढेही गेला नाही. किप्रुटो गळाला, मग सेरेम मागे पडला, आणि शेवटच्या सरळ टप्प्यात किबिवोट आणि अविनाश खांद्याला खांदा लावून धावत आले. किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंद, अविनाश ८ मिनिटे ११.२० सेकंद. सेकंदाच्या पाच शतांशांचा हा फरक त्या वेगाने अंतरात मोजला तर जेमतेम फूटभर भरतो. सेरेम तिसरा आला तो पाच सेकंदांहून अधिक मागे, आणि ऑलिम्पिक विजेता किप्रुटो सहावा. रौप्यपदक हे त्या दिवसाचे फळ होते. मला त्याहून मोलाचे वाटते ते असे की युजीनमध्ये जे जमले नव्हते ते त्याने इतक्या थोड्या अवधीत आत्मसात करून दाखवले.

हा धडा कायमचा गिरवला गेला, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२३ च्या जुलैमध्ये पोलंडमधील सिलेसिया येथे त्याने ८ मिनिटे ११.६३ सेकंदांत पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता मिळवली आणि महिन्याभरातच बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत सातवा येऊन तो बाहेर पडला. वेळ ८ मिनिटे २२.२४ सेकंद. पुन्हा संथ सुरुवात, पुन्हा शेवटची धावपळ. ऑक्टोबरमध्ये हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने जुन्या पद्धतीने शर्यत केली: सुरुवातीपासून पुढे, कोणाचीही वाट न पाहता. ८ मिनिटे १९.५० सेकंदांचा स्पर्धाविक्रम, चार सेकंदांहून अधिक आघाडी, आणि या प्रकारात आशियाई सुवर्ण जिंकणारा पहिला भारतीय पुरुष. काही दिवसांनी ५००० मीटरमध्ये १३ मिनिटे २१.०९ सेकंदांत रौप्यही आले. आशियात तो एकटा धावून जिंकू शकतो. जगात तसे जिंकता येत नाही. ही सीमारेषा त्याला स्वतःला स्पष्ट ठाऊक होती, हे पॅरिसमधील त्याच्या वागण्यावरून दिसते.

७ जुलै २०२४ रोजी पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटे ०९.९१ सेकंद अशी वेळ दिली. सहावा क्रमांक आणि दहावा राष्ट्रीय विक्रम. गोपाळ सैनी १९८१ च्या वेगाने त्याच शर्यतीत धावले असते, तर अविनाश अंतिम रेषेवर पोहोचला तेव्हा ते सुमारे १२० मीटर मागे असते. महिन्याभराने ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत त्याने ८ मिनिटे १५.४३ सेकंदांत पाचवा क्रमांक घेतला. गटातील पहिले पाच थेट पात्र ठरणार होते, त्याने नेमका तो पाचवा क्रमांक पकडला आणि या प्रकारात ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय पुरुष झाला. टोकियोत कमी पडलेले गणित त्याने येथे बरोबर सोडवले. अंतिम फेरीत सुरुवातीला तो स्वतः पुढे गेला, जेणेकरून युजीनसारखी शर्यत रेंगाळू नये. शर्यत रेंगाळली नाही; अल बक्कालीने ८ मिनिटे ०६.०५ सेकंदांत सुवर्ण घेतले, आणि अविनाश ८ मिनिटे १४.१८ सेकंदांसह अकरावा आला. युजीनमध्ये अकरावा आणि पॅरिसमध्येही अकरावा, म्हणून काहींनी दोन्ही निकाल एका मापाने मोजले. मला ते अन्यायाचे वाटते. पहिल्या वेळी तो शर्यत ओळखू न शकल्याने मागे पडला. दुसऱ्या वेळी त्याने शर्यत ओळखली होती, आणि पुढची दहा माणसे त्या रात्री खरोखर त्याच्याहून वेगवान होती.

येथे ललिता बाबरची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावची ही धावपटू २०१६ साली रिओमध्ये महिलांच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. त्याआधी २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ती आठवी आली होती. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी जे साधले होते, ते ऑलिम्पिक ट्रॅकवरील अंतिम फेरीचे स्थान त्यानंतर मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. माण आणि आष्टी हे दोन्ही तालुके दुष्काळी, आणि एकाच क्रीडाप्रकारातील एक पुरुष व एक महिला ऑलिम्पिक अंतिम फेरीपर्यंत पाठवणारे. तरीही या दोघांच्या मागे आपण दुसरी फळी उभी केली नाही. अविनाश ८ मिनिटे १० सेकंदांच्या आत आला तेव्हा देशात त्याच्या पाठीला पाठ लावून धावणारा कोणी असता, तर घोळक्यातली शर्यत शिकायला त्याला मोरोक्को, पोलंड आणि अमेरिका गाठावे लागले नसते.

मे २०२५ मध्ये कोरियातील गुमी येथे त्याने ८ मिनिटे २०.९२ सेकंदांत आशियाई अजिंक्यपद मिळवले. १९८९ मध्ये दीना राम यांनी जिंकल्यानंतर छत्तीस वर्षांनी ते भारताकडे आले. ११ जुलैला मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यावर त्याचा गुडघा दुखावला. एसीएल या नावाने ओळखला जाणारा अस्थिबंध आणि गुडघ्यातली कूर्चा, दोन्हींना इजा झाल्याचे निष्पन्न झाले, शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली. अशा शस्त्रक्रियेनंतर सरळ रस्त्यावर धावणे त्या मानाने लवकर सुरू होते. एका पायावर उंचावरून उतरणे, तेही ओल्या आणि उतरत्या तळावर, सर्वांत शेवटी. त्याच्या शर्यतीत तेच सात वेळा करायचे असते.

वयाचा प्रश्न त्यामुळे पुष्कळांनी उपस्थित केला आहे. त्यांना मी केनियाच्या इझेकिएल केंबोईची नोंद दाखवतो: २०१५ साली बीजिंगमध्ये त्याने सलग चौथे जागतिक विजेतेपद जिंकले, तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. २०२७ ची जागतिक स्पर्धा पुन्हा बीजिंगमध्येच, सप्टेंबर महिन्यात व्हायची आहे, आणि त्याच महिन्यात अविनाश तेहतीस वर्षे पूर्ण करील.